डाग धरते ती कड

‘डॉक्टर, व्हिनियर काळे पडले’ अशी तक्रार घेऊन पेशंट येतो, तेव्हा डाग बहुतेक वेळा सिरॅमिकवर नसतोच. चांगले ग्लेझ केलेले पोर्सलेन किंवा लिथियम डायसिलिकेट चहा-हळदीचा रंग सहसा आत घेत नाही. रंग धरते ते कडेचे रेझिन सिमेंट. कड नीट बसली नाही, जादा सिमेंट तसेच राहिले, की हिरडीलगत तपकिरी रेघ उमटू लागते.

हिंगणघाट-वडनेरपासून पांढरकवड्यापर्यंत महामार्गालगत दवाखाना असलेल्यांना ही रेघ नवी नाही. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली, पण पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा अजून खिशाखिशात आहे. खर्रा खाणाऱ्याच्या दाताला व्हिनियर लावायचे की नाही, हा प्रश्न शेड गाईड हातात घेण्याआधीचा आहे. आधी त्याला तोंड उघडायला सांगा. त्याचीच तीन बोटे उभी आत जात नसतील, तिखट झोंबते असे तो सांगत असेल, तर ते सबम्युकस फायब्रोसिस असू शकते. तिथे सौंदर्योपचाराची घाई करणे मला सरळ चुकीचे वाटते. खर्रा सुटू द्या, मग दाताला बर लावा.

दुसरा पेशंट फ्लोरोसिसचा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि लग्न ठरलेली मुलेमुली पिवळे-तपकिरी दात झाकायला येतात. असे इनॅमल आम्लाला दाद देत नाही, नेहमीच्या वेळात एचिंग अपुरे राहते. ते खडूसारखे पांढरे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. डाग खोल आहे म्हणून डेंटिनपर्यंत कोरण्याचा मोह होतो. तो टाळाच, कारण व्हिनियरचे आयुष्य ठरते ते इनॅमलवरच्या बाँडवर. लिथियम डायसिलिकेटला आतून 5 टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल 20 सेकंद, मग सायलेन, यात काटछाट नको. पातळ व्हिनियरला शक्यतो लाइट-क्युअर सिमेंट वापरा. ड्युअल-क्युअरमधल्या अमाइनमुळे काही वर्षांनी आतूनच पिवळसर छटा येऊ शकते.

बसवल्यानंतरही नुकसान आपल्याच हातून होते. कडेवर अल्ट्रासॉनिक स्केलर फिरतो, किंवा नेहमीच्या सवयीने आम्लयुक्त फ्लोराईड जेल लावले जाते. ते जेल ग्लेझ खरवडते आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर डाग बसू लागतात. न्यूट्रल सोडियम फ्लोराईड वापरा, आणि तसे केस पेपरवर ठळक लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्या खुर्चीशेजारी दुसरा डॉक्टर असू शकतो.