मुख्य सेविका : तपासनीस की मार्गदर्शक?

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी सेविकेला शिकवणारे जवळचे माणूस म्हणजे मुख्य सेविका. तिच्याकडे साधारणतः २५ अंगणवाड्या. भेटीचा वेळ नोंदी पाहण्यातच सरतो. २०१८ च्या पोषण अभियानात टप्प्याटप्प्याने शिकवण्याचे २१ पाठ आखले गेले, ते सेविकांपर्यंत नेण्याचे काम तिच्यावरच आले. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला. वहीऐवजी मोबाइल आला, तपासणीची वृत्ती मात्र तीच. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या आईशी सेविका काय बोलते, हे गृहभेटीत शेजारी बसून ऐकावे, चूक आईसमोर न काढता नंतर विचारावे, पुढच्या भेटीत पुन्हा पाहावे, हे कसब परिपत्रकाने येत नाही. त्यासाठी मुख्य सेविकेच्या भेटींनाही कोणी अनुभवी सोबत जायला हवे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत मात्र विचारणा होते ती आकड्यांचीच.