यंत्राची तपासणी होते, माणसाची कधी?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतून निर्यातीचा माल निघतो तेव्हा त्याची किती काळजी घेतली जाते! कास्टिंगचं माप बघितलं जातं, धातूची प्रत तपासली जाते, गंज चढू नये म्हणून तेल लावलं जातं, लाकडी खोकी ठोकली जातात आणि शेवटी तपासणी अहवालावर सही-शिक्का पडतो. त्यात एक नोंद अपुरी असली तरी डिस्पॅच थांबतो. मात्र तेच यंत्र परदेशात बसवून द्यायला निघालेल्या फिटरच्या किंवा सर्व्हिस इंजिनिअरच्या फाइलमध्ये अनेकदा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विम्याचा एक कागद एवढंच असतं. त्याची शुगर किती, बीपी किती, कोणत्या लशी झाल्या, रोजची औषधं कोणती, हे कुणी विचारत नाही. ही उणीव आता भरून काढायलाच हवी.

पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या या वसाहतीचे धागे जगभर गेलेले आहेत. इथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, रेमंडचं सुती कापड विणलं जातं, इंडो काउंटच्या चादरी तयार होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसह कोल्हापूरचं कास्टिंग देशोदेशी पोहोचतं. त्यामुळे इथला माणूस जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ‘गिफा’ या फाउंड्री प्रदर्शनाला जातो, आखातात कामाला जातो, साखर कारखान्यांच्या कामासाठी पूर्व आफ्रिकेतही जातो. प्रत्येक दिशेचा धोका निराळा असतो, म्हणून सगळ्यांना एकच औषधांचा डबा देऊन भागत नाही.

आफ्रिकेपासून सुरुवात करू. केनिया, युगांडा, नायजेरियासारख्या देशांत जाताना पिवळ्या तापाची म्हणजे यलो फीव्हरची लस लागते. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईतल्या बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य संस्था अशा सरकारमान्य केंद्रांतच ती टोचली जाते आणि तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. अडचण अशी की हे प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, आणि कंपनीला बोलावणं येतं ते ऐनवेळी. तिकडे मशीन बंद पडलेलं असतं, ग्राहक रोज फोन करत असतो. अशा वेळी दहा दिवस कोण थांबणार?

परतताना नियम आणखी कडक होतो. ज्या डासामुळे आपल्याकडे डेंग्यू पसरतो, तोच एडिस इजिप्ती पिवळा तापही पसरवतो. म्हणजे भारतात डास आहे, पण तो आजार नाही, आणि तो येऊ नये म्हणून सरकार जपतं. पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

यावरचा उपाय मात्र सोपा आहे. ११ जुलै २०१६ पासून या लशीचं प्रमाणपत्र आयुष्यभर वैध धरलं जातं. म्हणून कारखान्याने आपल्या सर्व्हिस विभागातल्या सगळ्यांना, ज्यांना डॉक्टर परवानगी देतील त्यांना, ऑर्डर येण्याची वाट न बघता ही लस देऊन ठेवावी. एका फेरीत काम होतं आणि पुढच्या सगळ्या प्रवासांची धावपळ वाचते. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशीही त्याच वेळी बघून घेता येतील.

मलेरियावर मात्र अशी एकदाच टोचून मोकळं होण्याची सोय प्रवाशासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतली होती. तिथे जाणाऱ्याला डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात, पण त्या घरी आल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यानंतर चार आठवडे. घरचं जेवण सुरू झालं की गोळ्या बंद, असं केलं तर संरक्षण अर्ध्यावरच तुटतं.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. तोवर माणूस कागलला परतून पुन्हा पाळीवर रुजू झालेला असतो. अंगात कणकण आली की तो नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो, आणि त्यांच्या मनात आधी व्हायरल किंवा डेंग्यू येणं स्वाभाविक आहे. आफ्रिकेतला फाल्सिपॅरम मलेरिया चोवीस तासांतही जिवावर उठू शकतो. त्यामुळे दवाखान्यात पाऊल टाकताच ‘मी अमुक देशातून आलोय’ असं सांगणं आणि त्याच दिवशी रक्त तपासून घेणं, ही जीव वाचवणारी गोष्ट आहे.

आखाताकडे निघालेल्याची काळजी वेगळी. तिथे बॅगेतल्या औषधामुळे आणि खाऊमुळेही माणूस अडचणीत येतो. आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारी ट्रामाडोल आणि कोडीनची औषधं संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. २०१७ मध्ये इजिप्तमध्ये एका ब्रिटिश महिलेला ट्रामाडोलच्या गोळ्या नेल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली होती. खसखस तर अमिरातीत, सौदीत आणि सिंगापुरातही निषिद्ध आहे. आई किंवा बायको मायेने बरोबर देते त्या अनारशांवर खसखस असते, आणि कितीतरी घरांच्या वर्षाच्या चटणीतही ती कुटलेली असते. हे सांगायला निघण्याच्या दिवशी विमानतळावर कुणी नसतं, म्हणून ते आधी घरात कळायला हवं.

रोजची औषधं मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपला ब्रँड तिकडच्या फार्मसीत कुणी ओळखत नाही. अमेरिकेत तर पॅरासिटामॉलही अॅसिटामिनोफेन या नावाने मागावी लागते. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात टाकू नये, तिथे ते गोठून निकामी होण्याची भीती असते.

कागलकराचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. आधी रात्रभराची लक्झरी, चारशेच्या आसपास किलोमीटर, मग मुंबईत ताटकळणं आणि त्यानंतर आठ-दहा तासांचं विमान. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अभ्यासात दिसलं. मुळात हा धोका लहान आहे, सहा हजारांत एक असा. पण ज्याच्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा ज्याला पूर्वी गुठळी झाली होती, त्याने निघण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. बाकीच्यांनी भरपूर पाणी प्यावं, पोटऱ्या हलवत राहाव्यात, दर दोन तासांनी उठून चालावं.

आता पैशाची बाजू. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, त्यामुळे जर्मनीला जाणाऱ्याकडे तो असतोच. जिथे अशी सक्ती नाही, तिथे हात आखडता घेतला जातो. दहावी न झालेल्या कामगारांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण. कंपनीच्या कामासाठी बिझनेस व्हिसावर जाणारा या योजनेत बसत नाही. त्याची पॉलिसी कंपनीनेच काढायची, आणि त्यात मधुमेह-रक्तदाब लपवून ठेवायचा नाही. लपवलेला आजार उघड झाला की दावा फेटाळला जातो आणि बिल कुटुंबाच्या गळ्यात पडतं.

पाठवणाऱ्याची जबाबदारी सीमेवर संपत नाही, हे कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात १९९५ मध्ये कलम १५-ब घालण्यात आलं ते याचसाठी. भारतात नोंदलेली कंपनी माणसाला परदेशी कामावर पाठवते, तेव्हा तिथल्या इजेची भरपाईही तिच्याकडे मागता येते. इजा झाल्यावर भरपाई देण्यापेक्षा आधी तपासणी करणं कंपनीलाही परवडणारं आहे.

एकेका छोट्या कारखान्याला हे जमणार नाही, पण संघटनांना जमेल. कागल-हातकणंगलेची ‘मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ आणि शिरोलीची ‘स्मॅक’ यांनी एकत्र येऊन कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी महिन्यातून ठरलेल्या दिवसांची ओपीडी मागावी. कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे २०२३ मध्ये राज्याचं वैद्यकीय शिक्षण खातं आलं. ही मागणी त्यांच्यापर्यंत नेणं कागलच्या उद्योजकांना अवघड नाही. पिवळ्या तापाची लस घ्यायला एकेकट्याला पुणे-मुंबई गाठावी लागू नये, यासाठी संघटनांनी गट करून गाडीची आणि केंद्रातल्या वेळेची सोय करावी. कारखान्याच्या डिस्पॅच चेकलिस्टमध्ये माणसासाठी एक पान वाढवायचं काम तर आजच होऊ शकतं. त्यात देश, लशी, चालू औषधं, विमा पॉलिसीचा क्रमांक, तिकडचा तातडीचा फोन नंबर आणि परतल्यावर ताप आला तर कुठे जायचं एवढं असलं तरी पुरे. पुढची ‘गिफा’ २०२७ मध्ये आहे. तिच्यासाठी स्टॉलची आखणी सुरू होईल तेव्हा जाणाऱ्यांच्या तपासणीच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर लिहिल्या जाव्यात.