गाडी म्हातारी झाली, हा गुन्हा आहे का?

परवा कोल्हापूर नाक्यावरच्या पंपावर एका ओळखीच्या डॉक्टरांनी माझ्या गाडीकडे बघून विचारलं, "काय पत्रकार, हे धूड अजून विकलं नाहीत?" मी हसून विषय टाळला. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझी गाडी फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स, नोव्हेंबर २००२ची नोंदणी. मी घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती. नवीन पोरांना हे नाव माहीत नसेल. शंभर हॉर्सपॉवरचं सोळा वॉल्व्हचं इंजिन, म्हणजे त्या काळातल्या मारुती ८००च्या दुपटीहून जास्त ताकद. आमच्या खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार हीच. जाहिरातीत सचिन होता. त्याच सचिनला २००२ मध्ये फियाटकडून फेरारी भेट मिळाली आणि पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद पेटला. फेरारी बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे तेव्हा कोणीच विचारलं नाही. पॅलिओबद्दलही नाही. आता मी विचारतोय.

दोन वर्षांपूर्वी गाडी चालता चालता बंद पडायला लागली. कधी सिग्नलला, कधी घाटात. मोठ्या शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. काचेची वेटिंग रूम, कॉफी मशीन, टाय लावलेला पोरगा. त्याने स्कॅनर लावला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, ईसीएम गेलाय. बेचाळीस हजार. आणि मिळेलच याची गॅरंटी नाही." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "स्कॅनर दाखवतोय सर." काय दाखवतोय ते मात्र त्याने मला दाखवलं नाही. तपासणीचे अठराशे घेतले, ते वेगळेच.

गाडी टोइंग करून कराडला आणली. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी बॉनेट उघडून पाऊण तास नुसतं बघितलं. मग इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडवली. बोल्टखाली गंज धरलेला. घासली, नवी पट्टी टाकली. तीनशे रुपये. गाडी आजतागायत बंद पडलेली नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं, आता हा 'जुने मिस्त्री देवमाणूस आणि वर्कशॉपवाले चोर' सुरू करणार. नाही. तसं असतं तर प्रश्न सोपा होता.

कारण मला सगळ्यात मोठा फटका बसला तो छोट्या गॅरेजमध्येच. मिस्त्री ऑपरेशनमुळे घरी होते तेव्हा टायमिंग बेल्ट दुसरीकडे बदलून घेतला. खोका ओरिजनलचा, छपाई ओरिजनलची. जेमतेम नऊ हजार किलोमीटरला पेठनाक्याजवळ बेल्ट तुटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: अशा इंजिनात बेल्ट तुटला की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. आठ वॉल्व्ह वाकले. मागे ट्रक होता. त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी हे लिहितोय. मागच्या सीटवर माझी आई होती.

हेडचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. तिथल्या कारागिरांबद्दल काय लिहू? जे बुश बाजारात मिळत नव्हतं, ते लेथवर माझ्यासमोर काढून दिलं. पण रबरी बेल्ट काही लेथवर निघत नाही.

ज्या पोराने तो बेल्ट घातला, त्याच्यावर मी खूप ओरडलो. नंतर त्याच्याकडे बसून समजून घेतलं. त्याला तो बेल्ट ओरिजनल म्हणूनच विकला होता. पावती नव्हती, त्यालाही नाही आणि मलाही नाही. आता ग्राहक आयोगात मी काय दाखवायचं, तुटका बेल्ट? (पावती न मागण्याची आपली सवय हा आपला स्वतःचा गुन्हा. जीएसटी वाचवायला आपणच म्हणतो, "राहू दे, कच्चंच द्या.")

तर मुद्दा असा. भरवशाचा मेकॅनिक मिळत नाही, असं आपण सारखं म्हणतो. पण मेकॅनिकने भरवशाचं काम करायचं कशाच्या जोरावर? आमच्या मिस्त्रींकडे या गाडीच्या वायरिंगचा नकाशा आहे, तो पोर्तुगीज भाषेत. पॅलिओ ब्राझीलमध्येही बनायची, तिथला कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला. त्यांच्या पुतण्याने प्रिंट काढून दिली. त्यावर मिस्त्रींनी बॉलपेनने मराठीत लिहिलंय: 'पंप', 'पंखा', 'ही वायर नको हात लावू'. कुर्ल्यात बनलेल्या गाडीचा नकाशा कराडच्या माणसाला ब्राझीलमधून मिळवावा लागतो. सुटे भागही कुर्ल्यातच मिळतात, फक्त कारखान्यात नाही, सीएसटी रोडच्या भंगारात.

आणि कायदा झोपलाय असंही नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोकला. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत. ती द्या, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असा आदेश होता. यादीत देशी, विदेशी, तुमची-माझी आवडती, सगळ्या कंपन्या होत्या. पुढे काय? अपील. आपण बातमी छापली (मीसुद्धा छापली, आतल्या पानावर एक कॉलम) आणि विसरलो.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. मोटारगाड्या त्यात आहेत, ट्रॅक्टरसारखी शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदान घेऊन सक्तीचा कायदा केला: कंपनीच्या डीलरला जी माहिती मिळते ती रास्त किमतीत बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. कंपन्या काही तिथून पळून गेल्या नाहीत.

आपल्याकडे सरकारची तत्परता कुठे दिसते? फीमध्ये. माझ्या गाडीची १५ वर्षांनंतरची नोंदणी २०१७ ला झाली तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. २०२२ ला ५,००० झाली. आता २० वर्षांवरच्या कारला १०,००० केलेत, म्हणजे २०२७ ला तेवढे भरायचे. पर्यावरण कर वेगळा. गाडी धूर ओकत असेल तर खुशाल अडवा, फिटनेसमध्ये नापास करा, माझी हरकत नाही. पण गाडी नीट ठेवायला लागणारा भाग आणि माहिती मिळवून द्यायची नाही, आणि ती जुनी झाली म्हणून दर पाच वर्षांनी पैसे उकळायचे, हा कुठला न्याय? वर व्हॉट्सअॅपवर अफवा, की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते. तो नियम दिल्लीकडचा, आणि तिथेही त्यावरून कोर्टबाजी चालूच आहे. आपल्याकडे खाजगी गाडी फिटनेस पास झाली की रस्त्यावर राहू शकते. त्या अफवेवर कितीतरी लोकांनी चांगल्या गाड्या एजंटांना मातीमोल दिल्या. ते एजंट कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"जुन्या गाडीची हौस तुमची, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या दारात उभी असलेली गाडी बघावी. शेव्हर्लेची विक्री २०१७ ला थांबली. फियाट २०१९ ला गेली. फोर्डने २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. या गाड्या काही हौशी लोकांच्या नाहीत. मास्तरांच्या आहेत, मेडिकलवाल्यांच्या आहेत, कर्ज काढून घेतलेल्या आहेत. आणि आजची नवी गाडी तर चाकांवरचा कॉम्प्युटर आहे. अर्थिंगची पट्टी घासून ती सुरू होणार नाही. कुलूप कंपनीचं, चावी कंपनीकडे, आणि उद्या कंपनीच विमानात बसून गेली तर?

माझं म्हणणं एवढंच की, ज्या कंपनीला इथे गाडी विकायची आहे तिने दुरुस्तीचं पुस्तक, वायरिंगचे नकाशे आणि स्कॅनरची भाषा कुठल्याही गॅरेजला रास्त पैशात द्यावी. बाजार सोडून जाताना ब्रेक, स्टिअरिंग, बेल्ट असल्या जिवावरच्या भागांचे आराखडे सरकारकडे जमा करावेत. रांजणगाव, चाकण, कोल्हापूर इथले कारखाने ते डोळे मिटून बनवतील. आणि नूतनीकरणाची फी गाडीच्या प्रकृतीवर लावा, वयावर नको. आपल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत एकदा तरी विचारावा. मी त्यांना पत्र दिलंय, पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तरी टाकेन.

मिस्त्रींचा मुलगा या धंद्यात नाही. पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. मिस्त्री म्हणतात, "त्याला काय शिकवू, मलाच आता नव्या गाडीचं झाकण उघडायला भीती वाटते."

मंगळवारी त्यांच्याकडे गाडी लावतोय. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय आणि त्याचं किट पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरूनही मिळालं नाही. शेवटी कुर्ल्याहून अख्खा सिलिंडर मागवला, मोडीत काढलेल्या एका पॅलिओचा. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, किती वर्षं वापरलाय ते माहीत नाही, पावतीही नाही. पार्सल काल एसटीने आलं.