ऐकणं

देवानं मला काही सांगितलं आहे, असं मी आयुष्यात एकदाच ठामपणे म्हणालो, आणि तेही स्वयंपाकघरात. नाताळ आठवड्यावर आला होता. बायको करंज्यांच्या कडेनं कातणं फिरवत होती. मी दारात उभा राहून तिला म्हणालो, की सकाळच्या प्रार्थनेत मला स्पष्ट हाक आली. नोकरी सोडायची आणि या दिवाळी अंकाचं काम पूर्णवेळ करायचं. तिनं हातातली करंजी ताटात ठेवली, मैद्याच्या हातानंच चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "तुमच्याशी बोलला, बरं झालं. पण मग माझ्याशी का नाही बोलला? मीही याच घरात राहते ना?" थोडं थांबून तिनं प्रॉव्हिडंट फंडाबद्दल तो काय म्हणाला, तेही विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी मी निवृत्तीपर्यंत केली आणि अंक रात्री जागून काढला. ती हाक खरी होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या टेबलावर पडून आहे. यंदाच्या अंकाचा विषय 'हाक' ठरला, तो त्यातूनच.

आमच्या नगरात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) दिवाळीत शेजारचं फराळाचं ताट आमच्याकडे येतं आणि नाताळात ते रिकामं परत जात नाही. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथंच सुरू झालं. त्यामुळे ख्रिस्ती माणूस दिवाळी अंक काढतो, याचं इथं कुणाला नवल नाही. नवल मला वाटलं ते आलेल्या लेखांचं. देवाची हाक ऐकल्याचा अनुभव लिहा, असं आवाहन केलं होतं. लेख भरपूर आले, आणि जवळजवळ प्रत्येकात देवानं लेखकाला नेमकं तेच सांगितलं होतं, जे त्याला आधीपासून करायचं होतं. कुणाला फ्लॅट घ्यायला सांगितलं, कुणाला मुलीचं स्थळ मोडायला, एकाला तर भावावर दावा लावायला. इतका सोयीचा देव मला बायबलात कुठे भेटत नाही. तिथं मोशे आपली जीभ जड असल्याची सबब पुढं करतो. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. योनाला निनवेला जायला सांगितलं, तर तो बंदरावर जाऊन तार्शीशचं गलबत पकडतो, म्हणजे बरोबर उलट दिशेचं. त्याला आवाज ओळखता आला नाही असं नाही. ओळखता आला म्हणूनच तो पळाला.

मराठीत 'ऐकणं' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि आपण ते इतक्या सहजपणे वापरतो की लक्षातही येत नाही. पोरगं ऐकत नाही, असं आई म्हणते तेव्हा ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. इब्री भाषेतल्या 'शमा' या शब्दाचंही तसंच आहे: कानावर पडणं आणि त्याप्रमाणे वागणं, दोन्ही एकाच शब्दात. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ जी प्रार्थना म्हणतो, तिची सुरुवातच या शब्दानं होते. 'आधी मला नक्की ओळखू दे, मग मानेन' असं आपण देवाला सांगतो, तेव्हा या एका शब्दाचे दोन तुकडे करतो. पण माझी अडचण त्यानं सुटत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला माणूस मानायला अगदी तयारच होता. त्याची तयारीच संशयास्पद होती.

आता दोन आगगाड्यांविषयी.

पहिली १८९३ सालची. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ. गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि धर्मावर गेल्या. उतरताना त्या गृहस्थानं टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. आमच्या प्रवचनांतून ही गोष्ट नेहमी सांगतात आणि भर नेहमी भाकितावर असतो. मला त्यातला रेल्वेचा डबा आवडतो. तो माणूस उतरून गेला. पुस्तक राहिलं, आणि त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथपर्यंत सगळं उजळ आहे. पण त्या हाकेचा खर्च कुणी भरला, हे कळायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडावं लागतं. टिळकांना देव भेटला आणि लक्ष्मीबाईंच्या पदरी आलं ते लहानगा दत्तू, नातेवाइकांचे टोमणे आणि नवरा असून नसल्यासारखी काढलेली वर्षं. त्या रडल्या, भांडल्या, हसल्या, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांना पडला तो स्वतःचा स्वतःला. त्याचं उत्तर मिळाल्यावर मगच त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या, आणि बाप्तिस्मा आणखी पुढं, १९०० मध्ये. माझ्या बायकोनं 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचलं आहे. मैद्याच्या हातानं विचारलेला तो प्रश्न कुठून आला असेल, याचा अंदाज मला नंतर आला.

टिळकांनी पुढं, १९१७ मध्ये, मिशनचं काम आणि पगार दोन्ही सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला हे फार मोठं वाटतं. हाक एकाला आली होती आणि काम दुसरीनं संपवलं, मधल्या काळात तिनं ती हाक शंभर वेळा उलटतपासली होती, तरीही.

दुसरी गाडी १० सप्टेंबर १९४६ ची, दार्जिलिंगला जाणारी. लोरेटो संघातल्या छत्तीस वर्षांच्या एका शिक्षिका जोगिणीला प्रवासात वाटलं की मठ सोडून गरिबांतल्या गरिबांत जाऊन राहायचं आहे. मदर तेरेसांची ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरची दोन वर्षं कमी लोकांना ठाऊक असतात. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांनी तिला थांबवून ठेवलं. प्रश्न विचारले, पत्रं मागवली, सल्लामसलत केली, आणि घाई करायची नाही असं बजावलं. ती पत्रांतून विनवण्या करत राहिली, पण परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. रोमची परवानगी येऊन ती बाहेर पडली तेव्हा १९४८ चा ऑगस्ट उजाडला होता. आणि मग काय झालं? तो आवाजच बंद झाला. २००७ मध्ये तिची खाजगी पत्रं छापली गेली तेव्हा जगाला कळलं, की पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, मधला एखादा छोटा काळ सोडला तर, तिला आत फक्त अंधार जाणवत होता. तरी रोज पहाटे उठून ती कामाला लागत होती. हाक रोज नव्यानं ऐकू आली पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांनी ही पत्रं वाचावीत. मला ती वाचून पहिल्यांदा धक्का बसला आणि नंतर धीर आला. का, ते नीट सांगता येत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर घरातलं सांगतो. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी एका प्रार्थनासभेत 'तू बरी झाली आहेस, असं प्रभू मला सांगतो आहे' हे शब्द ऐकले आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. बोलणाऱ्यानं मनापासून सांगितलं असेल, मी नाही म्हणत नाही. पायाची दोन बोटं कापावी लागली ती काकूंची. तो पुढच्या गावी गेला होता. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल जो ठामपणे देवाचा निरोप आणतो आणि त्याची किंमत भरायला थांबत नाही, त्याच्यापुढं मी आता हात जोडतो आणि काकूंना घेऊन दवाखान्यात जातो.

मग ओळखायचं कसं? स्पेनमधला एक जखमी सरदार या प्रश्नावर फार उपयोगी पडतो. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. घरी पडल्या पडल्या त्यानं शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात निघाली ती ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र. पडून पडून तो दोन प्रकारची स्वप्नं पाहू लागला: कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची, कधी संतांसारखं अनवाणी चालत यरुशलेमला जायची. दोन्ही रंगवताना सारखीच मजा यायची. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं, दुसरं संपलं तरी आनंद टिकायचा. एवढ्या एका निरीक्षणावर त्यानं पुढं आत्म्याच्या पारखीचं सगळं शास्त्र उभं केलं.

फराळ करणाऱ्या बायकांना हे शास्त्र शिकवायला नको. तेल खवट असलं, तरी गरम चकली पहिल्या घासाला कुरकुरीतच लागते. घशाला जाणवतं ते थोड्या वेळानं. माझ्या त्या डिसेंबरातल्या हाकेला काय चव होती, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. पहिल्या घासाला ती फार गोड होती. संपादक म्हणून लोक ओळखतील, साहेबाला राजीनामा फेकून मारता येईल. आठवडाभरानं घशाशी काय उरलं होतं, तर त्या साहेबाचा चेहरा. एवढ्यावरून ती हाक खोटीच, असं म्हणण्याचं धाडस मी करत नाही; चांगल्या तेलातही कधी खवट मिसळतं.

एकट्यानं पारख होत नसेल, तर तेरेसांसारखं वडीलधाऱ्यांना विचारावं. पण वडीलधाऱ्यांना विचारणं म्हणजे वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन होणं नव्हे, हे पंडिता रमाबाईंकडे पाहिल्यावर समजतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक चर्चच्या कचेरीत ठेवावा असा आहे. पंचविशीतली एक परकी बाई, आश्रय त्यांचाच, अन्न त्यांचंच, आणि ती सांगते की विवेकबुद्धी देवानं मलाही दिली आहे. मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जू उतरवलं, ते काही दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे. आणि याच बाईनं पुढं लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इतरांना नाही म्हणणारी माणसं पुष्कळ असतात. स्वतःचंही असं तपासणारी विरळा.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तीनशे मुली आणायच्या असं मनाशी धरून. एवढ्यांना पुरेल अशी तजवीज हाताशी नव्हती. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळानं कशी गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे इथं आतला आवाज कुठला आणि आठवण कुठली, हे वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही मला वाटत नाही. प्लेगच्या दिवसांत पुण्यात मुलींना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या मळ्यावर त्यांना आणलं, आणि 'मुक्ती मिशन' तिथं उभं राहिलं. उतारवयात त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ग्रंथ पुरा बाहेर आला तो १९२४ मध्ये. आवाज ओळखायचा तर तो आपल्या भाषेत यावा लागतो. माझी आजी बायबल वाचायची छापील मराठीत, पण तिचा देव बोलायचा नगरी बोलीत, 'कुठं निघालीस गं?' असं.

या अंकासाठी आम्ही एका धनगराशी बोललो. वाटेत दोन वाडे एकत्र आले की मेंढरं एकमेकांत मिसळतात. मग वेगळी कशी करता, असं विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. हाक मारतो, आपली येतात, म्हणाला. आणि नवं विकत आणलेलं मेंढरू? ते नाही येत लगेच, तो म्हणाला. ते दुसऱ्यांच्या मागं मागं येतं.

शेवटी शमुवेलाकडे येतो, कारण दिव्याची गोष्ट आहे. शिलो इथं देवाच्या मंदिरात दिवा अजून मालवलेला नाही, म्हणजे आपल्याकडे नरकचतुर्दशीला उठतात तशी वेळ. पोरगं मंदिरात झोपलं आहे. हाक येते. ते 'हा मी' म्हणत धावत म्हाताऱ्या एलीकडे जातं. मी नाही हाक मारली, झोप जा, एली म्हणतो. पुन्हा तेच. देवाची हाक पोराला माणसाच्या हाकेसारखी वाटली, आणि ज्याला ओळखता यायला हवी होती त्या याजकालाही दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं, आणि काय उत्तर द्यायचं ते त्यानं पोराला शिकवलं. निरोप आला तो एलीच्याच विरुद्ध होता: मुलांनी मंदिरात गैर केलं, बापानं आवरलं नाही, आता घराणं टिकणार नाही.

यानंतरची दोन-तीन वाक्यं प्रवचनात कुणी घेत नाही. पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं. मग उठून त्यानं नेहमीसारखी मंदिराची दारं उघडली. रात्री ऐकलेलं म्हाताऱ्याला सांगायची त्याला भीती वाटत होती. तेवढ्यात हाक आली. या वेळी खरोखरच एलीची होती. पोरानं रात्री तीनदा जे उत्तर दिलं होतं, तेच शब्द उच्चारले आणि ते त्याच्यापुढं जाऊन उभं राहिलं.