छपरावरचा मध



साहित्य संमेलन असो की गावचा सप्ताह, आपली सभागृहं कापडा-बांबूची. चार दिवस उभी राहतात, पाचव्या दिवशी टेम्पोत बसून पुढच्या गावाला जातात. मागे उरतात ते खड्डे. मोठ्या शहरांचं मात्र मांडवावर भागत नाही. त्यांना कन्व्हेन्शन सेंटर लागतं, आणि असलेलं सेंटर नेहमीच अपुरं पडतं. दिवाळी अंकाची पानं लावता लावता या हौसेवरून आमच्यात चांगलीच जुंपली.

वादात पुन्हा पुन्हा आलं ते कॅनडातल्या व्हँकूव्हरचं नाव. तिथे ‘एक्स्पो ८६’ या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या कॅनडा प्लेसमध्ये पुढच्या वर्षापासून अधिवेशनं भरू लागली. जागा कमी पडली तेव्हा जुनी वास्तू न पाडता शेजारीच, काही जमिनीवर तर काही पाण्यावर, नवी इमारत बांधली. ती २००९ मध्ये उघडली. तिचं छप्पर म्हणजे सहा एकरांचं गवताळ रान. चार लाखांवर रोपं, सगळी त्याच मातीतली. वर माणसांना फिरायला मज्जाव आहे, हे आम्हाला फार आवडलं. आपल्याकडे असतं तर तिथे आधी सेल्फी पॉइंट झाला असता. वर मधमाश्यांच्या पेट्या आहेत, त्यांचा मध खालच्या मुदपाकखान्यात जातो. सांडपाणी इमारतीतच शुद्ध होऊन संडासांत आणि उन्हाळ्यात छपरावर फिरतं. गारवा आणि ऊब यांसाठी समुद्राच्या पाण्याचा आधार घेतात. आणि पाण्याच्या कडेला काँक्रीटच्या पायऱ्या सोडल्या आहेत, शिंपल्यांनी, खेकड्यांनी घर करावं म्हणून.

हे वाचून हरखून जाण्याआधी हिशेबही बघावा. ४९.५ कोटी डॉलरांचा अंदाज ८८.३ कोटींवर गेला, आणि बहुतेक भार सरकारी तिजोरीवर पडला.

हा पैसा शहराकडे परत येतो का? परगावचा माणूस आला, तीन रात्री राहिला, जेवला, टॅक्सीने हिंडला, तर येतो. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींचंच बघा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१५ चं अधिवेशन कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरलं. दूरदूरच्या राज्यांतून सहकुटुंब आलेली माणसं हॉटेलं भरतात. पण शहरातलाच माणूस नेहमीचं हॉटेल सोडून सेंटरमध्ये जेवला, तर शहराच्या पदरात नवं काय पडलं? अनाहाइमने दोनच वर्षांत ते केंद्र आणखी वाढवलं. शेजारच्या शहराने वाढवलं की आपणही वाढवायचं, ही चढाओढ अमेरिकेत जुनी आहे. हेवूड सँडर्स या प्राध्यापकांनी २०१४ च्या ग्रंथात तिची झाडाझडती घेतली. सल्लागारांनी रंगवलेली गर्दी अनेक ठिकाणी आलीच नाही, आणि मग गिऱ्हाईक टिकवायला भाड्यात सूट देणं आलं.

आमचं मत असं, की हिरवं छप्पर ही अर्धीच गोष्ट. वर्षातले दोनशे दिवस कुलूप असलेलं सभागृह, त्यावर कितीही रान माजवलं तरी, सिमेंट-पोलादाची उधळपट्टीच. म्हणून आपल्या एखाद्या शहरात असा प्रस्ताव आला, तर नकाशाआधी असलेल्या सभागृहांची बुकिंगची वही मागावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंतची पानं आधी उघडावीत. मग स्वयंपाक, मांडणी, वाहतूक यांची कंत्राटं गावातल्यांना मिळणार की बाहेरच्या एकाच कंपनीला, तेही विचारावं.

आमच्यातला एक सहकारी अजून मांडवाच्याच बाजूने आहे. खड्डे बुजवायचा खर्च आपण देऊ, म्हणतो.