मणक्याला चाकू लावला की...

"मणक्याला चाकू लावला की माणूस कायमचा झोपला!" आमच्या नांदेड-लातूरकडे हे वाक्य पारावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात कुठेही ऐकायला मिळते. सांगणाऱ्याला वाटते, आपण शहाणपण सांगतोय. मला मात्र राग येतो.

अहो, माणूस लुळा पडतो कशाने? मणका मोडून आतला मज्जारज्जू चेंगरतो, म्हणून. हे बहुतेक वेळा पडतानाच होते, कधी उचलताना होते. ऑपरेशनचा नंबर त्यानंतरचा. पण पाय गेले की खापर डॉक्टरवर!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीची घरे कोसळली. अंधारात ज्याच्या हाताला जे लागले ते धरून लोकांनी माणसे ओढून काढली. त्यांना कोण बोल लावणार? पण आज कडुलिंबावरून पडलेल्या माणसाला दोघे जण बगलेत आणि पायाला धरून जीपमध्ये कोंबतात, याला काय म्हणावे? मान-कंबर न वाकवता चार-पाच जणांनी एकदम उचलून त्याला सपाट फळीवर घ्यावे. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, ती बोलवावी.

दुसरी खोड म्हणजे "आधी हाडवैद्याला दाखवू". यात चार दिवस जातात. रज्जूवर दाब असेल तर तो शक्यतो २४ तासांत काढावा, असे आजचे शास्त्र सांगते. स्क्रू आणि सळ्यांनी मेलेली नस जिवंत होत नाही, हे खरे. पण मणका स्थिर झाला की रोग्याला लवकर उठवून बसवता येते. नाहीतर महिनोन् महिने पडून पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि त्यातच माणूस जातो.

ऑपरेशनला धोका नाही, असे मी म्हणत नाही. प्रत्येक मोडलेल्या मणक्याला ते लागतेच असेही नाही. कितीतरी मणके पट्ट्यावर आणि विश्रांतीवर जुळतात. पण ते एमआरआय बघून डॉक्टरांनी ठरवायचे, पारावरच्या मंडळींनी नव्हे. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुण्या-हैदराबादला जायला पैसे नाहीत म्हणून घरीच झोपवून ठेवण्याआधी निदान तिथे तरी दाखवा.

मंडळी, पुढच्या वेळी कुणी ते वाक्य टाकले तर मान डोलावू नका. एवढेच विचारा, "पेशंटला उचलले कसे, आणि दवाखान्यात किती तासांनी नेले?"