संदर्भ कोणी वाचायचा?

विद्यार्थी मित्रांनो, एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी एखादी ताई वा दादा तुमच्या ओळखीत असेल तर विचारून पाहा. प्रबंध लिहिताना चॅटजीपीटीसारख्या साधनाची मदत घेतो, असे उत्तर बहुधा मिळेल. हे साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्याचा वापर करणे चूक आहे काय? आमच्या मते, सरसकट नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. प्रयोग उत्तम असतो, पण भाषा अडखळते. अशा वेळी यंत्राने वाक्ये दुरुस्त करून दिली, तर त्यात वावगे काय? लॉगॅरिथमच्या कोष्टकांऐवजी गणकयंत्र आले, म्हणून काही गणित बुडाले नाही.

परंतु या दोन यंत्रांत मोठा फरक आहे. सात गुणिले आठ विचारले की गणकयंत्र दर वेळी छप्पन्न हेच उत्तर देते. चॅटजीपीटी मात्र, आधीच्या शब्दांमागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधत वाक्य रचते. आता शास्त्रीय संदर्भ पाहा. लेखकाचे नाव, वर्ष, नियतकालिक, खंड, पृष्ठ असा त्याचा ठरावीक साचा असतो. त्या साच्यात शोभेल असा, पण कधीच न छापलेल्या लेखाचा संदर्भही हे यंत्र बेधडक देऊ शकते. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन खरे लेख दाखवितात. तरीही लेखात नसलेले विधान त्या लेखाच्या नावावर खपण्याचा धोका राहतोच.

नोव्हेंबर २०२२ मध्येच मेटा कंपनीने 'गॅलॅक्टिका' हे खास विज्ञानासाठीचे साधन खुले केले होते. कोट्यवधी शास्त्रीय लेख, पुस्तके व टिपणे वापरून ते घडविले होते. तरीही त्याने चुकीची माहिती ठामपणे सांगितली. टीका झाली आणि तीन दिवसांत ते बंद करावे लागले.

एका संशोधकाच्या निष्कर्षावर दुसरा आपले काम उभारतो. एक खोटा संदर्भ शिरला, तर पुढच्या विद्यार्थ्याचे कित्येक महिने वाया जातात. औषधासारख्या विषयात तर रोग्याच्या जिवाशी गाठ! 'नेचर' या नियतकालिकाने २०२३ मध्ये नियम केला, की असे यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण लेखक मजकुराची जबाबदारी घेतो. यंत्र ती घेऊ शकत नाही. यंत्र वापरले असल्यास तसे लेखात नमूद करावे, असेही त्याने सांगितले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की यंत्रावर बंदी नको; पण स्वतः न वाचलेला लेख संदर्भयादीत घालू नये. ही सवय विद्यापीठात गेल्यावर लागत नाही, ती शाळेतच लागावी लागते. शिक्षकांनी विज्ञान प्रदर्शनातील प्रत्येक प्रकल्पाला एक प्रश्न जरूर विचारावा: "हे तुला कोठून समजले? ते पान दाखव पाहू."